प्रार्थनास्थळावरचा दगड आणि युनियनचं काम

(नारायण मेघाजी लोखंडे यांच्या स्मृतिदिनी बडनेरा येथे दिलेलं व्याख्यान)



१३ ऑक्टोबर २०२१. बांगलादेशातल्या कुमिल्ला शहरात दुर्गापूजेच्या मंडपात कुराणाची प्रत सापडल्याची बातमी पसरली. त्या दिवशी आणि पुढे काही दिवस तिथले पूजामंडप, देवळं, हिंदूंची घरं फोडली गेली. त्याच्या निषेधाचे मोर्चे त्या महिन्याच्या अखेरीस त्रिपुरात निघाले आणि तिथे मशिदींवर, मुसलमानांच्या दुकानांवर हल्ले झाल्याच्या तक्रारी आल्या. नेमकं काय झालं, याबद्दल पोलीस एक सांगत होते आणि रहिवासी दुसरं. मग १२ नोव्हेंबरला, शुक्रवारी, त्रिपुराचा निषेध म्हणून आपल्या अमरावतीत मोर्चा निघाला आणि दुकानांवर दगड पडले. १३ तारखेला त्या दगडांचा निषेध म्हणून बंद पुकारला गेला. पुन्हा दगड, जाळपोळ, मग संचारबंदी, इंटरनेट बंद. कुमिल्ल्यातून सुटलेला दगड अमरावतीच्या बाजारात पडायला बरोबर एक महिना लागला.

ज्यांनी कुमिल्ला नकाशातही पाहिलेलं नाही, अशा माणसांची रोजी त्या दिवसांत बुडाली. रोज सकाळी बडनेऱ्याहून अमरावतीला जाणारा गवंडी आणि त्याच्या हाताखालची बाई, धुणीभांडी करणारी बाई, हातगाडीवाला, ऑटोवाला, मंडीतल्या टोळीतला हमाल. संचारबंदीत महिन्याच्या पगारावरच्या माणसाला पगार मिळतो. रोजंदारीवाल्याला काही मिळत नाही, आणि तो कोणत्या धर्माचा आहे हे किराणा दुकानदार उधारी देताना विचारत नाही, उधारी सगळ्यांवर सारखीच चढते.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट घडत होती. राज्य सरकारमध्ये विलीनीकरणाच्या मागणीसाठी राज्यभर एसटीचा संप चालू होता. गाड्या आगारात उभ्या होत्या. म्हणजे कामगारांची मोठी शक्ती तेव्हा जागी होती, एकत्र होती. पण संप आणि दंगल या दोन बातम्या आपण वर्तमानपत्राच्या दोन वेगळ्या पानांवर वाचल्या. त्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे आपल्या चर्चेतही आलं नाही.

तो संबंध आहे, एवढंच मला आज सांगायचं आहे. सभासदाच्या मंदिरावर, मशिदीवर, विहारावर, चर्चवर झालेला हल्ला हा पगाराइतकाच युनियनचा विषय आहे. आणि त्यासाठीचं काम दगड पडल्यावर पत्रक काढून होत नाही. ते दगड पडायच्या कितीतरी आधी करून ठेवावं लागतं.

हे मी लोखंड्यांकडून शिकलो. आपण त्यांची आठवण रविवारच्या सुटीपुरती ठेवली आहे. ती सुटी मोठी होतीच. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. त्या वर्षी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. त्यात आठवड्याची सुटी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती, पगार वेळेवर मिळावा ही मागणी होती, कामावर जखमी झालेल्याला भरपाई मिळावी ही मागणी होती. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रिया बोलल्या. १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

पण त्यानंतर तीनच वर्षांनी जे झालं, ते आपल्याला शाळेत कोणी शिकवलं नाही. १८९३ च्या मोहरमात काठेवाडात प्रभासपाटणला दंगल झाली, देवळांवर हल्ले झाले. बातमी मुंबईत आली. सभा झाल्या, निधी जमू लागला, दोन्ही बाजूंनी पत्रकं फिरू लागली. ११ ऑगस्टला, शुक्रवारच्या नमाजानंतर, जुम्मा मशिदीतून निघालेला एक जमाव जवळच्या हनुमान गल्लीतल्या देवळाकडे धावला. दुसऱ्या दिवशी गिरणगाव रस्त्यावर उतरलं. मशिदींवर चालून जाणाऱ्यांत लोखंड्यांच्या संघटनेचा ज्यांच्यासाठी जन्म झाला, तेच गिरणी कामगार होते. लष्कर बोलवावं लागलं.

प्रभासपाटण आणि मुंबई, कुमिल्ला आणि अमरावती. सव्वाशेहून अधिक वर्षांच्या अंतरानं तोच रस्ता. दूरच्या गावातलं प्रार्थनास्थळ, प्रवासात फुगत जाणारी बातमी, शुक्रवार, आणि शेवटी ज्याचा मूळ घटनेशी काही संबंध नाही असा हातावर पोट असलेला माणूस.

लोखंड्यांनी काय केलं? ते दंगलीच्या दिवसांत कामगारांच्या वस्त्यांतून फिरले. दोन्ही समाजांना एकत्र आणण्यासाठी त्यांनी राणीच्या बागेत सभा घेतली. सरकारनं त्यांना पुढे रावबहादूर केलं, त्यामागे हे काम होतं. मनोहर कदम यांनी लोखंड्यांचं चरित्र लिहिलं आहे, तरुण कार्यकर्त्यांनी ते जरूर वाचावं. मला त्या पदवीचं महत्त्व वाटत नाही. मला महत्त्व वाटतं ते याचं, की चवताळलेल्या गिरणी कामगारासमोर उभं राहून 'थांब' म्हणायचा अधिकार त्या शहरात लोखंड्यांना होता. तो त्यांना १८९३ च्या ऑगस्टात मिळाला नव्हता. आधीची नऊ वर्षं ते त्याच्या पगारासाठी, त्याच्या विश्रांतीसाठी, यंत्रात तुटलेल्या त्याच्या बोटासाठी भांडले होते. मांडवीच्या गिरणीत ते स्वतः स्टोअरकीपर होते, कामगाराचा दिवस कसा जातो हे त्यांनी रोज पाहिलं होतं. पोलीस कमिशनरचं ऐकायला जो तयार नव्हता, तो आपल्या माणसाचं निदान ऐकून घ्यायला तयार होता.

आणि एक गोष्ट विसरू नका. लोखंडे सत्यशोधक होते, जोतीराव फुल्यांचे सहकारी होते, पण त्यांनी कामगाराच्या श्रद्धेची टवाळी केली नाही. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून त्या दिवशी सुटी हवी, असा त्यांचा युक्तिवाद सांगितला जातो. जोतीरावांनी तर महंमद पैगंबरांवर कविता लिहिली होती. कामगार चळवळीची पहिली मोठी मागणीच मुळी अशी होती की माणसाला आपल्या देवासाठी आणि घरासाठी एक दिवस मिळावा. पुढच्या काळात आपल्यातल्या अनेकांना वाटू लागलं की देवधर्म हा घरचा मामला आहे, युनियनच्या कचेरीत तो आणू नये. हेतू चांगला होता. पण त्याचा परिणाम असा झाला की सभासदाच्या मनातल्या सर्वांत नाजूक जागेशी आपण बोलणंच बंद केलं, आणि तिथे दुसरे बोलू लागले.

आता मला एक अवघड पान उलटायचं आहे, कारण कामगार एकत्र आले की धर्मद्वेष आपोआप गळून पडतो असं आपण व्यासपीठावरून फार वेळा म्हणतो. ते खरं नाही. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. गिरणी कामगार युनियन, लाल बावटा, तेव्हा तिच्या बळाच्या शिखरावर होती. आणि काही महिन्यांत, फेब्रुवारी १९२९ मध्ये, त्याच मुंबईत भीषण दंगल झाली. शिवडीच्या तेल कंपन्यांत संप चालू होता, तो फोडण्यासाठी पठाण कामावर घेतले गेले होते. गिरणगावात पठाण सावकारही होते, त्यांच्या व्याजाखाली कामगार पिचलेला होता. त्यात पठाण मुलं पळवतात अशी अफवा उठली. कामगार पठाणांवर तुटून पडले, आणि बघता बघता ते हिंदू-मुसलमान झालं. शंभरावर माणसं गेली. सरकारी चौकशी समितीनं युनियनच्या भाषणांवर ठपका ठेवला. समितीचा हेतू काय होता हे ओळखायला फार हुशारी लागत नाही, त्याआधी मार्च १९२९ मध्येच कामगार पुढाऱ्यांना मीरत कटाच्या खटल्यात अटक झाली होती. तरीही प्रश्न उरतोच. सहा महिने एकत्र उपाशी राहिलेली माणसं एका अफवेनं का तुटली?

मला वाटतं, उत्तर त्या संपाच्या आतच होतं. तेव्हा गिरण्यांच्या विणकाम खात्यात, जिथे पगार जास्त, तिथे अस्पृश्य कामगारांना घेत नसत. धोट्यात दोरा ओवताना तो तोंडानं ओढावा लागे, म्हणून सवर्ण कामगार विटाळाचं कारण सांगत. डॉ. आंबेडकरांनी संपाच्या काळात पुढाऱ्यांना विचारलं की ही मागणी तुमच्या यादीत का नाही. युनियनमध्ये आलेला कामगार आपली भिंत सोबत घेऊन आला होता, आणि भिंतीला हात लावला तर संप फुटेल या भीतीनं पुढाऱ्यांनी तिच्या बाजूनं वाट काढली. जी युनियन सभासदांमधली ही भिंत पाडायला कचरली, तिला बाहेरच्या पठाणाबद्दलची अफवा थोपवता आली नाही यात नवल नाही.

पुढचा इतिहास तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप अधिकृतपणे कधी संपलाच नाही, कामगार मात्र संपला. दहा वर्षांनी, डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये, मुंबई पेटली तेव्हा गिरणगावात बेकार तरुण होते आणि युनियन नव्हती. दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगानं ९०० मृत्यू नोंदवले. त्या दिवसांत शांततेसाठी जिवावर उदार होऊन फिरलेले कार्यकर्ते होते, त्यात कामगार चळवळीतलेही होते. पण १८९३ मध्ये एका लोखंड्याला जे थोडंफार जमलं, ते १९९३ मध्ये कोणत्याही पुढाऱ्याला जमलं नाही. ज्याच्यावर भरवसा ठेवायचा, ती संस्थाच उरली नव्हती.

त्याच वेळी मुंबईजवळची भिवंडी शांत राहिली. हे मला आजही विलक्षण वाटतं. भिवंडी १९७० साली जळली होती, १९८४ साली जळली होती. यंत्रमागांचं गाव, परप्रांतीय मजूर, दाट वस्ती, सगळा दारूगोळा तयार. पण १९८८ च्या सुमारास तिथे पोलीस अधिकारी म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी गल्लीगल्लीत मोहल्ला समित्या बांधल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं नियमित भेटत राहिली, नळाच्या पाण्यापासून पोरांच्या भांडणापर्यंत सगळं बोलत राहिली. बाबरी मशीद पडली तेव्हा अफवा आलीच, पण ती आली तेव्हा खातरजमा करायला ओळखीचं दार होतं. एक गोष्ट मात्र मला सलते. हे काम पोलिसांना करावं लागलं. ज्या गावातली एवढी माणसं मागावर उभी असतात, तिथे ते युनियननं करायला हवं होतं.

मालेगाव आठवा. तेही यंत्रमागांचं गाव. तिथे माग शुक्रवारी बंद असतात. मुंबईच्या कामगाराला रविवार, तसा मालेगावच्या कामगाराला शुक्रवार. ८ सप्टेंबर २००६ ला, शुक्रवारी, शब-ए-बारातच्या दिवशी, हमीदिया मशीद आणि बडा कब्रस्तानच्या परिसरात बॉम्बस्फोट झाले. तीसहून अधिक माणसं गेली. ज्या दिवसासाठी कामगार आठवडाभर मागावर उभा राहतो, नेमका तो दिवस हल्लेखोरांनी निवडला होता. मग पोलिसांनी ज्या नऊ मुसलमान तरुणांना पकडलं, त्यांना न्यायालयानं आरोपमुक्त केलं ते २०१६ मध्ये. प्रार्थनास्थळावरचा हल्ला एका दिवसात संपत नाही, तो घराघरांतून दहा-दहा वर्षं चालू राहतो.

जगात दुसरीकडे काय होतं? एक उदाहरण सांगतो, कारण ते मला फार शिकवून गेलं. अमेरिकेत साऊथ कॅरोलायना राज्यात चार्ल्स्टन नावाचं बंदर आहे. १९६९ साली तिथल्या इस्पितळांतल्या चारशेहून अधिक कामगारांनी, बहुतेक काळ्या स्त्रियांनी, संप केला. आया, स्वयंपाकघरातल्या, सफाईच्या. त्यांना पाठिंबा द्यायला मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्नी कोरेटा आल्या, आणि त्या बोलल्या ते इमॅन्युएल चर्चमध्ये. कामगारांना सभेसाठी दार उघडलं ते चर्चनं. त्याच इमॅन्युएल चर्चमध्ये १७ जून २०१५ च्या रात्री बायबलच्या वाचनाला बसलेल्या नऊ जणांना एका वंशद्वेषी तरुणानं गोळ्या घातल्या. तिथली कामगार चळवळ आणि ते चर्च यांचं नातं शेचाळीस वर्षांचं होतं. अशा ठिकाणी युनियननं शोकसभेला जाणं हा शिष्टाचार राहत नाही, घरातलं सुतक होतं. आपल्याकडे असं नातं कुठे आहे, हे मी स्वतःला विचारतो. आपल्या संपाच्या सभा देवळाच्या ओट्यावर झाल्या आहेत, विहारात झाल्या आहेत, दर्ग्याच्या मैदानात झाल्या आहेत. सभा संपली की आपण सतरंज्या गुंडाळून निघालो, आणि त्या जागेच्या सुखदुःखाला पुन्हा गेलो नाही.

प्रार्थनास्थळावरून आलेला राग कसा आवरायचा, हे शिकायला अमरावतीला दूर जायची गरज नाही. १३ नोव्हेंबर ही तारीख मी मघाशी सांगितली. १९२७ सालीही १३ नोव्हेंबरला अमरावतीत एक प्रार्थनास्थळच चर्चेत होतं. इंद्रभुवन थिएटरात डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली होती, विषय होता अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश. डॉ. पंजाबराव देशमुख त्या लढ्यात होते. ज्यांना शतकानुशतकं दारातून परत पाठवलं, त्यांच्याइतका राग करायचा हक्क दुसऱ्या कोणाला असेल? त्यांनी ठराव केले, सत्याग्रहाची तयारी केली, आणि देवळाच्या पंचांना विचार करायला वेळ मिळावा म्हणून सत्याग्रह पुढेही ढकलला. देऊळ तेव्हा उघडलं नाही. पण त्या रागातून कोणाच्या दुकानावर दगड पडला नाही, कोणाची हातगाडी जळली नाही. हे आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच माणसांनी केलेलं आहे.

आता बडनेऱ्याचं बोलू. हे गाव रेल्वेनं घडवलं. रुळांच्या एका अंगाला जुनी वस्ती, दुसऱ्या अंगाला नवी. विजय मिलचा भोंगा आता वाजत नाही, त्या मिलमध्ये एका पाळीत कोण कोण खांद्याला खांदा लावून उभं राहत होतं हे सांगणारी म्हातारी माणसं मात्र अजून आहेत. त्यांच्याशी बोला, त्यांचं लिहून ठेवा. वॅगन दुरुस्तीचा कारखाना आला आहे, नवी पोरं कामाला लागली आहेत. रेल्वेत दोन-दोन मान्यताप्राप्त युनियन आहेत. बाजार समितीत हमालांच्या टोळ्या आहेत, १९६९ च्या माथाडी कायद्यानं त्यांना मंडळाचं संरक्षण दिलं आहे. बांधकाम मजुरांचं कल्याणकारी मंडळ आहे. म्हणजे साधनं नाहीत असं कोणी म्हणू नये.

पैशाबद्दल शंका येईल, म्हणून कायद्याचं सांगतो. आपल्या बहुतेक युनियन २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याखाली नोंदल्या गेल्या. त्या कायद्याच्या पंधराव्या कलमात युनियनचा सर्वसाधारण निधी कशावर खर्च करता येतो हे दिलं होतं. त्यात सभासदांच्या शैक्षणिक, सामाजिक आणि धार्मिक लाभासाठी खर्च करण्याची मुभा होती. बेकारीच्या काळातल्या मदतीची मुभा होती. शंभर वर्षांपूर्वी इंग्रजांनी लिहिलेल्या कायद्याला जे सुचलं, ते आपल्या वार्षिक अंदाजपत्रकाला अजून सुचलेलं नाही. प्रार्थनास्थळाची नासधूस किंवा विटंबना हा भारतीय न्याय संहितेच्या २९८ व्या कलमाखाली गुन्हा आहे, जुन्या दंड संहितेत तो २९५ वा होता. फिर्याद द्यायला गरीब सभासद एकटा जातो तेव्हा त्याला बाकड्यावर बसवून ठेवतात. युनियनचे दोन पदाधिकारी बरोबर गेले, आणि त्यातला एक दुसऱ्या धर्माचा असला, तर ठाण्यातलं चित्र वेगळं असतं.

फिर्यादीनंतर डागडुजीचं बोलू. २०२४ च्या जुलैमध्ये इंग्लंडमधल्या साऊथपोर्टला, तीन लहान मुलींच्या हत्येनंतर खोट्या बातमीवरून जमावानं मशिदीवर हल्ला केला, तिची भिंत पाडली. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातलेच गवंडी थापी घेऊन आले आणि त्यांनी भिंत परत बांधायला घेतली. आपल्या गावात गवंड्यांची, सुताराची, वायरमनची, रंगाऱ्याची काय कमतरता आहे? निषेधाचं पत्रक वाचून मशिदीच्या मुतवल्लीला किंवा देवळाच्या पुजाऱ्याला धीर येत नाही. दुसऱ्या धर्माच्या माणसानं फुटलेली काच काढून नवी बसवली की येतो.

म्हणून मी एक ठराव लिहून आणला आहे आणि तो अध्यक्षांकडे देतो. इथे उपस्थित असलेल्या प्रत्येक युनियननं तो आपल्या पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडावा, अशी माझी विनंती आहे. त्यात म्हटलं आहे की कोणत्याही सभासदाच्या प्रार्थनास्थळाला इजा झाली, तर चोवीस तासांच्या आत सगळ्या धर्मांचे पदाधिकारी मिळून तिथे जातील आणि फिर्यादीला बरोबर राहतील. डागडुजीसाठी सभासद एका दिवसाचं श्रमदान करतील. संचारबंदीत रोजी बुडालेल्यांसाठी वर्गणीतून वेगळा निधी राहील आणि तो सभासद नसलेल्या रोजंदारीवाल्यालाही मिळेल. दूरगावची बातमी आली की खातरजमा होईपर्यंत कोणताही सभासद ती मोबाइलवरून पुढे पाठवणार नाही, आणि खातरजमा करण्याची जबाबदारी प्रत्येक शिफ्टमधल्या दोघांवर राहील. रात्रपाळीच्या कामगाराला तणावाच्या दिवसांत घरी पोचवायला जोडीदार दिला जाईल, आणि जोडीदार शक्यतो दुसऱ्या वस्तीतला असेल. हे सगळं ठरवायला वर्षातून दोन बैठका होतील, गावात काहीही घडलेलं नसतानाच.

शेवटच्या वाक्यावर काही जण अडतील, काही घडलं नसताना बैठक कशाला म्हणतील. त्यांनी आता प्रश्नोत्तरांत तो प्रश्न पहिला विचारावा. आणि ज्या युनियनचे कार्यकर्ते बांधकाम मजुरांमध्ये काम करतात त्यांनी जाण्यापूर्वी मला भेटावं, कारण श्रमदानाच्या कलमात अवजारं आणि विम्याची तरतूद राहिली आहे, ती त्यांच्याशिवाय लिहिता येणार नाही.